दिसणं आणि वळणं

मोटारसायकल दुकानासमोर लावून पोरगा म्हणतो, “काका, इंडिकेटरमधी एलईडी टाकून द्या. गाडी चालू असली का ते पेटलेलेच पाहिजेत.” जालना रोडवरचे हे ऑटो इलेक्ट्रिशियन त्यावर पहिला प्रश्न विचारतात तो गाडीबद्दलचा नसतो. ते विचारतात, “ड्यूटी कोणती आहे तुझी? आणि राहतो कुठं?”

या प्रश्नाला कारण आहे. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला येते. शहरातून किंवा चिकलठाण्याहून सकाळी कामावर निघालेल्याच्या तोंडावर उगवतीचं ऊन असतं आणि संध्याकाळी परतताना मावळतीचं. त्याच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांतही तेच ऊन. अशा उजेडात पुढच्या गाडीचा दहा वॅटचा बल्ब पेटला काय आणि विझला काय, काही कळत नाही. शेंद्र्याच्या पलीकडच्या करमाडकडून येणाऱ्याचं गणित उलटं. त्याच्या पाठीवर ऊन असतं, तो स्वतः सगळं स्वच्छ पाहतो, पण समोरून येणाऱ्याला तो उन्हातला एक काळा ठिपका असतो. आणि रातपाळीवाला? त्याचा एकच हेडलाइट लांबून दिसतो खरा, पण तो दोनशे मीटरवर आहे की पन्नास, हे एकट्या दिव्यावरून ओळखणं समोरच्याला अवघड जातं. कधी तर एक दिवा गेलेली जीपच वाटते. दिवा प्रत्येकालाच हवा असतो, पण प्रत्येकाला हवा असलेला दिवा एक नसतो.

परिसरातले लोक या इलेक्ट्रिशियनना मिस्त्री म्हणतात. आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून ते आधी वाळूजला, गाड्यांचं वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. मोठ्या बोर्डावर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून रंगीत तारा ओढायच्या, टोकाला टर्मिनल दाबायचं, कपलरमध्ये ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायचं, टेप गुंडाळायची आणि शेवटी टेस्ट बोर्डावर प्रत्येक तार तपासायची. टर्मिनल दाबल्यावर तार ओढून बघितली जाते. ठरलेल्या ताणाला ती निघाली तर तो जोड बाद. मिस्त्रींच्या हाताला तिथं लागलेली सवय आजही सुटलेली नाही. कोणताही जोड केला की ते बोटांनी तो ओढतात. मधेच तार सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळणं त्यांना बघवत नाही.

या जिल्ह्यात दिव्यांची आणि तारांची माहिती असलेली माणसं जागोजाग भेटतात, त्याला इतिहास आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे कारखाने वाढत गेले. व्हॅरॉक ही वाळूजमधलीच कंपनी. १९९० साली सुरू झालेल्या या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हिस्टिऑनचा गाड्यांच्या दिव्यांचा व्यवसायच विकत घेतला. पुढे २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतला चारचाकींच्या दिव्यांचा भाग विकला, तरी दुचाकींचे दिवे बनवणं इथं चालूच आहे. शेंद्र्यात स्कोडाची गाडी २००१ पासून जुळू लागली. नंतर ‘ऑरिक’ नावानं शेंद्रा-बिडकीनची नवी औद्योगिक नगरी आखली गेली. दिवे बनवणारा, हार्नेस जुळवणारा, त्याची तपासणी करणारा आणि रात्री त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर घरी जाणारा माणूस इथं बऱ्याचदा एकाच वस्तीत राहतो.

मोटारसायकलवाल्याला दिसण्याची काळजी वाटते, ती उगाच नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातले नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले होते. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळपास दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, आणि मोटारसायकल त्याला दिसलीच नाही किंवा फार उशिरा दिसली, हे मुख्य कारण होतं. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटताच राहतो, तो याच विचारातून. सुरुवातीला समोरचे लोक हाताची बोटं मिटून-उघडून “दिवा चालू आहे” म्हणून सांगायचे. आता ते कमी झालं.

मग हेडलाइट दिवसाही पेटत असताना इंडिकेटरमध्ये वेगळा दिवा कशाला? मिस्त्रींचं उत्तर रुंदीचं आहे. मध्ये हेडलाइट आणि दोन्ही बाजूंना मंद पिवळे ठिपके, असे तीन दिवे दिसले की समोरच्याला गाडीचा आकार कळतो. गाडी जवळ येईल तसं दोन ठिपक्यांतलं अंतर डोळ्यांसमोर वाढत जातं, आणि त्यावरून ती किती वेगानं येते याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारसायकलींत ही सोय कारखान्यातूनच असते. तिथं पुढच्या इंडिकेटरमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब असतो. एक फिलामेंट मंद आणि सतत पेटणारं, दुसरं तेज आणि वळताना मिचकावणारं. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांच्या इंडिकेटरमध्ये एकच फिलामेंट असतं, म्हणून पोरांना दुकानात यावं लागतं.

दहा वॅटचा बल्ब काढून बाजारातला एलईडी बल्ब तिथंच फिरवून बसवला की काम झालं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं.

पहिली गोष्ट रंगाची. पोरं पांढरा एलईडी मागतात, कारण तो जास्त झगझगीत दिसतो. पण इंडिकेटरची काच पिवळी असेल तर पांढऱ्या एलईडीचा उजेड तिच्यामागे फिका पडतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर; त्या उजेडातला निळा भाग पिवळी काच गिळून टाकते. पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी हवा. निक होलोनियाक यांनी १९६२ साली लाल उजेड देणारा एलईडी दाखवला आणि त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ साली पिवळा. निळ्यासाठी मात्र जगाला १९९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चं नोबेल मिळालं. पिवळा जुना आहे, स्वस्त आहे आणि या कामाला तोच योग्य आहे.

दुसरी गोष्ट फ्लॅशरची. जुना फ्लॅशर बल्ब किती करंट ओढतात यावर चालतो. एका बाजूचे दोन बल्ब म्हणजे वीस वॅट. त्यांच्या जागी एक-दीड वॅटचे एलईडी आले की फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय, आणि तो भराभर मिचकावू लागतो. ही बिघाडाची खूण मुद्दाम ठेवलेली असते. बल्ब गेल्याचं चालकाला कळावं म्हणून. पण रस्त्यावरच्या बाकीच्यांना ती धांदल काही सांगत नाही. इंडिकेटरचा वेग मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा, एवढाच असावा असं प्रमाण आहे. काही जण यावर उपाय म्हणून जाडजूड रेझिस्टर लावतात. तो बल्बाएवढाच करंट ओढून फ्लॅशरला समजावतो, पण ते दहा वॅट उष्णतेत जातात. मे महिन्यात आधीच तापलेल्या प्लॅस्टिकला तो टेकला तर प्लॅस्टिक वितळतं. मिस्त्री असा रेझिस्टर लावत नाहीत. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावतात आणि घड्याळ धरून मिनिटभर मोजतात.

तिसरी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. डावा इंडिकेटर दिला की चारही पेटतात! नवखा मेकॅनिक स्विच बदलतो, फ्लॅशर बदलतो, वायरिंग उकलून बसतो. दोष मीटरमधल्या, इंडिकेटर चालू असल्याचं चालकाला दाखवणाऱ्या बारक्या पायलट बल्बाच्या जोडणीत असतो. बऱ्याच साध्या गाड्यांत डाव्या-उजव्याला मिळून एकच पायलट असतो. त्याचं एक टोक डाव्या तारेला आणि दुसरं उजव्या तारेला. डावीकडे करंट आला की तो पायलटमधून उजव्या तारेत जातो आणि उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थला पोचतो. तो इतका थोडा असतो की पायलट पेटतो, पण उजवे मोठे बल्ब पेटत नाहीत. एलईडीला मात्र तेवढासा करंट पेटायला पुरतो. म्हणून उजवीकडचेही मिचकावतात.

उपाय दोन डायोडचा. डाव्या तारेतून एक, उजव्या तारेतून एक, दोघांची पट्टीची बाजू एकत्र करून पायलटच्या एका टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक सरळ अर्थला. ‘चार हजार सात’ नंबरचे हे डायोड घरच्या रेडिओ-चार्जरमध्येही असतात आणि दोन्ही मिळून चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडतात. हे मिस्त्री शिकाऊ पोरांना पाटीवर काढून दाखवतात, बोट ठेवून करंटची वाट चालवतात. वाट समजली की पोरगं पुन्हा कधी आंधळेपणानं पार्ट बदलत नाही.

आता मूळ काम. मंद, सतत पेटणारा दिवा त्याच घरात बसवायचा. करंट कुठून घ्यायचा, तर चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या तारेतून. थेट बॅटरीवरून घेतला तर चावी काढल्यावरही दिवे पेटत राहतात आणि रातपाळीहून सुटलेल्याला पार्किंगमध्ये किक मारत बसावं लागतं. होंडाच्या धर्तीवर तारा असलेल्या गाड्यांत डावा इंडिकेटर नारिंगी, उजवा फिका निळा, अर्थ हिरवा आणि चावीनंतरची जिवंत तार काळी असते. तरीही रंगावर विश्वास न ठेवता मिस्त्री आधी मल्टिमीटर लावतात. आधी कोणी तरी हात घातलेल्या गाडीत रंग खोटं बोलतात. नव्या तारेला सुरुवातीलाच एक-दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज. तो नसेल आणि हँडलजवळ तार घासून शॉर्ट झाली, तर गाडीचा मुख्य फ्यूज जातो. मग हेडलाइट, हॉर्न, ब्रेकचा दिवा सगळं एकदम बंद, तेही अंधारात, पाठीमागे सळई लादलेला जालन्याचा ट्रक असताना.

उजेड किती ठेवायचा हे रेझिस्टर ठरवतो. गाडी चालू असताना तारेत बारा नव्हे, चौदा व्होल्टच्या आसपास असतात. तीन पिवळे एलईडी ओळीत जोडले की त्यांना साधारण सहा व्होल्ट लागतात, उरलेले आठ रेझिस्टरवर. वीस मिलिअँपिअरसाठी सुमारे ४०० ओहम, चारसाठी २००० ओहम. मिस्त्री मंद दिव्याला चार-पाचच देतात. पोरं कुरकुरतात. मग ते सांगतात की करंट पाचवा हिस्सा केला म्हणून डोळ्याला उजेड पाचवा हिस्सा दिसत नाही, त्याहून बराच जास्त दिसतो. आणि मंद असण्यात वळणाऱ्या दिव्याची ताकद आहे.

त्यांचं म्हणणं खरं काय आहे, ते इथं येतं. सतत पेटणारा दिवा सांगतो, “मी आहे.” मिचकावणारा दिवा सांगतो, “मी वळतोय.” पहिल्यानं दुसऱ्याचं बोलणं बुजवलं, तर सगळी मेहनत उलटी फिरते. दिवा आधीच भरपूर पेटलेला असेल आणि त्यावर थोडा जास्त पेटून पुन्हा तेवढाच राहिला, तर लांबच्या माणसाला मिचकावणं कळतच नाही. मावळतीच्या उन्हात तर मुळीच नाही. म्हणून इंडिकेटर दिला की त्या बाजूचा मंद दिवा पूर्ण विझला पाहिजे. नुसता मिचकावतानाच्या पेटत्या अर्ध्या भागात विझून उपयोग नाही. दोन मिचकावण्यांच्या मधल्या अंधारातही तो विझलेलाच हवा. मिनिटाला नव्वदचा वेग धरला तर हा मधला अंधार सुमारे सेकंदाचा तिसरा हिस्सा असतो. मिस्त्री इंडिकेटरच्या तारेतून एक लहान कपॅसिटर भरून घेतात आणि तो एका ट्रान्झिस्टरला साधारण एक सेकंद धरून ठेवतो. जोवर इंडिकेटर चालू, तोवर मंद दिवा बंद. इंडिकेटर बंद केला की सेकंदाभरात मंद दिवा आपोआप परत येतो. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि लाखभर ओहमचा रेझिस्टर, गुणाकार एक सेकंद. हे छोटं सर्किट ते आधी टेबलावर चालवून बघतात, मग नळीत घालून, दोन्ही टोकं गरम करून बंद करतात. धुलाई केंद्रातल्या प्रेशरच्या पाण्यापुढे टेप टिकत नाही.

बाजारात सततचा आणि वळणाचा असे दोन्ही दिवे एकत्र असलेल्या तयार ‘स्विचबॅक’ पट्ट्या मिळतात. त्यांतल्या चांगल्या पट्ट्या हेच काम करतात आणि मिस्त्रींना त्या लावायला हरकत नसते. स्वस्तातल्या बऱ्याच पट्ट्या मात्र पांढरा दिवा पेटताच ठेवून बाजूनं पिवळा पळवतात. हातात घेतल्यावर सुंदर दिसतं. रस्त्यावर पांढऱ्याच्या शेजारचा पिवळा हरवतो.

एलईडीचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सुमारे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, एलईडी तत्काळ पेटतो. ताशी साठ किलोमीटरला गाडी तेवढ्या वेळात सव्वातीन मीटरहून जरा जास्तच पुढे जाते. इंडिकेटरपेक्षाही ब्रेकच्या दिव्याला याचा फायदा मोठा. मिस्त्री म्हणतात, पैसे थोडेच असतील तर आधी मागचा ब्रेकचा दिवा नीट करून घ्या, पुढची हौस नंतर.

चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबांची यात्रा भरते. त्याआधी गाड्या सजवायची लाट येते. लाल-निळे भिरभिरणारे दिवे, चाकांत रंगीत पट्ट्या, पुढे लाल. मिस्त्री ही कामं परत पाठवतात. पुढे लाल दिवा लावला तर समोरच्याला गाडी आपल्याकडे येतेय की आपल्यापुढे चाललीय हेच उमगत नाही. लाल-निळा भिरभिरता दिवा पोलिसांचा आणि रुग्णवाहिकेचा. तो मोटारसायकलवर दिसू लागला तर उद्या खऱ्या रुग्णवाहिकेला कोण वाट देईल? यावर ते ऐकून घेत नाहीत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कायद्याचीही बाजू आहे आणि ती गिऱ्हाइकापासून लपवली जात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्यानं ठरवलेल्या रचनेत मनाजोगता फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मिस्त्री आधी विचारतात, याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीचा एलईडी इंडिकेटर येतो का? येत असेल तर तोच मागवा. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचण्यांतून गेलेला असतो; उजेड कोणत्या कोनात किती पडावा, हे त्यात मोजलेलं असतं. फिलामेंटसाठी घडवलेल्या वाटीत एलईडी बसवला की उजेडाची जागा बदलते. समोरून झगझगीत आणि बाजूनं आंधळा, असं होऊ शकतं. रस्त्याकडेच्या दुकानात ते मोजायचं यंत्र नाही, हे ते स्पष्ट सांगतात.

कायद्याचा हा कडकपणा योग्यच आहे. बेफाम दिव्यांनी रात्रीचे रस्ते किती त्रासाचे झालेत ते रोज जाणारा प्रत्येक जण जाणतो. पण याच हिशोबात दुसरी मागणीही न्याय्य ठरते. ज्या जिल्ह्यात हे दिवे घडतात, तिथल्या कामगाराला परवडणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत रुंदी दाखवणारे मंद दिवे कारखान्यातूनच यायला हवेत. महागड्या गाड्यांना दिवसा पेटणारे खास दिवे (डीआरएल) आणि रातपाळीला जाणाऱ्याच्या गाडीला एकटा हेडलाइट, ही वाटणी बरोबर नाही. काही डायोड, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि एलईडी यांनी गाडीची किंमत कितीशी वाढणार?

तोवर ज्यांच्या गाडीला असे दिवे आधीच लागलेले आहेत, त्यांनी एवढं करावं. दिवेलागणीच्या वेळी गाडी मोकळ्या जागी उभी करून चालू ठेवा, इंडिकेटर द्या आणि तीस-चाळीस पावलं लांब जाऊन पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी बघा. हेच उद्या सकाळच्या उन्हात पुन्हा करा. गाडी कुठे वळतेय हे एका नजरेत कळत नसेल, तर मंद दिव्याचा फ्यूज त्याच दिवशी काढून ठेवा आणि जोडणी दुरुस्त झाल्यावरच परत लावा.